पावणेसात

बिटोममध्ये बूट दुरुस्तीच्या दुकानाखाली तळघर आहे.
दर नोव्हेंबरात आम्ही पाच जण तिथं जमतो
आणि वेदरकॉक पार्लमेंटच्या अल्बमांचा क्रम लावतो.
बावीस अल्बम. पन्नास वर्षं. तीन ड्रमर.
आणि एक गायक, दोनदा सोडून गेलेला,
दोनदा जाडा होऊन परतलेला.

नावं आम्ही घेत नाही, नंबर घेतो.
आमच्याकडे कव्हरं होती कुठं तेव्हा?
नुसत्या कॅसेटा, त्यांवर पेन्सिलीनं एक आकडा.

वही माझ्याकडे.
खाणीवर दिव्यांच्या खोलीत एकोणीस वर्षं काढली मी.
प्रत्येक दिव्याला नंबर, नंबरामागे एक माणूस,
शिफ्ट सुटली की नजर आधी रिकाम्या खुंटीवर.
म्हणून आकड्यांवरून माझ्याशी कुणी भांडत नाही.
बाकी सगळ्यावरून भांडतात.

आलोइझी म्हणतो, चौथा. दरवर्षी चौथा.
तेवीस मिनिटांचं ते गाणं, ज्यात ऑर्गन
पायऱ्या उतरत राहतं आणि तळ लागत नाही.
"खाणीत उतरलाय त्यालाच कळेल."
हा जन्मभर खाणीच्या कँटीनमध्ये होता.

गेरार्डचा नववा.
सात मात्रांचा ताल टेबलावर वाजवून दाखवतो,
सहाच वाजवतो.

त्याची नात कॉर्नेलिया यंदा पहिल्यांदा आली,
आणि तिनं सोळावा वर ठेवला. सोळावा!
प्लास्टिकच्या ढोलांचा, ज्याचं नाव निघालं
की आम्ही खिडकीबाहेर बघतो.
"त्यावर निदान नाचता येतं," ती म्हणाली.
गेरार्डनं छातीवर क्रूस काढला.

बोगुमिऊ काकडीचं लोणचं खात होता.
बोटं पुसली, म्हणाला,
"सातवा. पण तुमचा नाही. माझा."

एकोणऐंशीचा हिवाळा. रात्रीचा रेडिओ.
निवेदक फक्त नाव सांगायचा आणि गप्प बसायचा,
लोकांना टेप करता यावं म्हणून.
लाल बटणावर बोट ठेवून जागी असलेली किती घरं,
खोकला आला तर उशीत तोंड खुपसणारी.
अल्बम अठ्ठेचाळीस मिनिटांचा.
कॅसेटची बाजू पंचेचाळिसाची.
बासरी चढत जाते, अजून एक सूर, अजून एक,
आणि टक.

अकरा वर्षं त्याला वाटत होतं, हाच शेवट.
केवढे धीट लोक, वाक्य अर्धं टाकून उठणारे!
त्याचा भाऊ जर्मनीला गेला तेव्हा
स्टेशनवर कुणीच काही बोललं नाही;
बोगुमिऊला ते अवघड गेलं नाही,
कानाला सवय होती.

मग नव्वदमध्ये खरी तबकडी मिळाली.
बासरीनंतर घंटा. घंटांनंतर कोरस.
सगळं जुळलं, सगळ्यांचं सगळ्यांशी पटलं,
आणि आवाज हळूहळू विरला.
"माझ्या अंधाऱ्या घरात शिरून
कुणीतरी सगळे दिवे लावून गेलं," तो म्हणाला.

नियमांवरून मग जुंपलीच.
जो अल्बम बँडनं काढलाच नाही त्याला मत कसलं?
तीन मिनिटं कापली तर पहिल्याचाही तिसरा होईल!
त्यानं उत्तर दिलं नाही. खिशातून कॅसेट काढली.

ऐकली आम्ही. पूर्ण बाजू, कुणी ग्लासही हलवला नाही.
टक झालं तेव्हा वर शिवणयंत्र चालू होतं
आणि ते बराच वेळ चालू राहिलं.
"पुढे?" कॉर्नेलिया म्हणाली.
"पुढे नाही."

मी वही उघडली.
सहा आणि सात यांच्यामध्ये बोटभर जागा होती,
तिथं बारीक अक्षरात लिहिलं: पावणेसात.
गुण किती द्यायचे ते ठरलेलं नाही.
आलोइझी म्हणाला, "तरी चौथाच."
आता भांडण कॅसेट उलटवायची की नाही यावर आहे,
कारण दुसऱ्या बाजूला काय आहे
ते बोगुमिऊ सांगत नाही.